आठवीच्या वर्गात वाचायला काय घ्यावं: ‘बनगरवाडी’ की ‘श्यामची आई’?

रानवाटा
बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. आठवीचा पट ३४. अवांतर वाचनासाठी आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका मिळाली आहे, एकूण बारा. पाठ्यपुस्तकातल्या दोन-तीन पानी उताऱ्यांपलीकडे मुलांनी एखादं पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं, असं मनापासून वाटतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी डोक्यात आहे, मुख्याध्यापकांचा कल साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’कडे आहे. दोन्हींच्या पाच-पाच प्रती कपाटात आहेत. सात-आठ मुलं अजून अडखळत वाचतात. नऊ मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यामुळे दसऱ्यानंतर ती मुलं वर्गात असतीलच असं नाही. निवड कशाच्या आधारावर करायची?

पाटीपेन्सिल
ताई, आधी वेळेचा हिशोब घाला. तासिका ३५ मिनिटांची असली तरी मुलं स्थिरावणं, पुस्तकं वाटणं आणि गोळा करणं यात पाच मिनिटं जातात. वाचून झाल्यावर बोलायला किमान बारा हवीत. राहिली अठरा. पहिली तासिका ओळखीची, शेवटची समारोपाची. म्हणजे १० × १८ = १८० मिनिटं. सावकाश, विराम घेत प्रकट वाचन केलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. एकूण अठरा हजार.

आता ‘बनगरवाडी’ उघडा, कुठल्याही तीन पानांवरचे शब्द मोजा, सरासरी काढा आणि तिला पानांनी गुणा. पुस्तक लहानखुरं दिसतं, पण आकडा तीस हजारांच्या आसपास जाईल. बारा तासिकांत निम्मं होईल. अर्ध्यावर सोडलेली कादंबरी ही सगळ्यांत वाईट निवड. गावाची घडी बसेपर्यंत मुलं वाचतात आणि दुष्काळात ती विस्कटते तिथे पोचतच नाहीत. सगळं वजन तर त्या शेवटात आहे.

‘श्यामची आई’त बेचाळीस रात्री आहेत (प्रकरणाला तिथे ‘रात्र’ म्हटलंय) आणि प्रत्येक रात्र आपल्यापुरती पूर्ण. मूल दोन आठवडे नसलं तरी परत आल्यावर पुढच्या रात्रीपासून बसू शकतं. तुमच्या वर्गाला हे फार सोयीचं आहे. फक्त बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात, तेव्हा पाचही प्रती एकाच पाठाच्या आहेत का ते पाहून घ्या. नाहीतर एका गटाच्या पुस्तकात जे वाक्य आहे ते दुसऱ्याच्या पुस्तकात नसतं आणि पाच मिनिटं पान शोधण्यातच जातात.

एका प्रतीवर तीनपेक्षा जास्त मुलं बसवू नका. चौथ्याला अक्षर तिरकं दिसतं, मग तो नुसता ऐकतो. ३४ मुलांना बारा प्रती लागतील. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २०१० अखेर संपला, त्यामुळे निवडक रात्री छापून घ्यायला अडचण नाही. माडगूळकरांचं तसं नाही. शिकवण्याच्या ओघात उतारा देण्याची सवलत शिक्षकाला कायद्यात आहे, पण अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स वाटू नयेत.

ओवी
हिशोब पटला. पण मुलांना पेलेल का हे शब्द मोजून कळत नाही. त्यासाठी गाळलेल्या शब्दांची चाचणी घ्या. पुस्तकाच्या मधल्या भागातला अडीचशे शब्दांचा उतारा निवडा. पहिलं आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, मधला प्रत्येक सातवा शब्द गाळा. विशेषनाम आलं तर ते सोडून पुढचा शब्द. साधारण तीस जागा होतात. मुलांना वेळेचं बंधन घालू नका.

तपासताना एक अडचण येते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो. ‘मेंढरांच्या’ हा शब्द गाळला की मुलाला मेंढरंही ओळखावी लागतात आणि षष्ठीही. त्यानं ‘मेंढरांचा’ लिहिलं तर त्याला आशय कळला आहे, रूप चुकलं आहे. आशयाला गुण द्या आणि रूपाच्या चुका बाजूला वेगळ्या नोंदवा, त्या व्याकरणाच्या तासाला उपयोगी पडतील. साठ टक्क्यांच्या वर असलेली मुलं स्वतः वाचतील. चाळीस ते साठमधल्यांना जोडीदार द्या. त्याखालच्यांसाठी तुम्ही वाचायचं आणि त्यांनी ओळीवर बोट ठेवून सोबत यायचं. निम्मा वर्ग चाळीसच्या खाली आला तर पुस्तक बदला.

बोलीची भीती मात्र बाळगू नका. घोंगडं, चावडी, कारभारी हे शब्द तुमच्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा जवळचे आहेत. ‘श्यामची आई’तले सोवळं, पत्रावळ, सोमवती अवस हे त्यांना जास्त परके वाटतील. असे आठ-दहा शब्द वाचनाआधी फळ्यावर लिहून मोकळे व्हा. मध्येच थांबून अर्थ सांगत बसलं की गोष्ट तुटते.

कंदील
दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत, पण माझ्या मते खरी कसोटी वेगळी आहे. ज्याचं उत्तर पानावर सापडत नाही आणि ज्यावर दोन मुलं प्रामाणिकपणे वेगवेगळं बोलतील, असा एक तरी प्रश्न त्या मजकुरातून निघतो का? निघत नसेल तर तो वर्गात घेऊ नका, घरी वाचायला द्या.

‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र घ्या. दलित समाजातली एक म्हातारी, तिची मोळी खाली पडलेली. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. इथे पुस्तक मिटा. मदत कर असंही तीच सांगते आणि आंघोळ कर असंही तीच. का? कुणी म्हणेल आई चांगली, कुणी म्हणेल मग आंघोळ कशाला, कुणी म्हणेल गाव काय म्हणेल याची तिला धास्ती असेल. ‘आई किती थोर’ असं तात्पर्य तुम्ही आधीच सांगून टाकलंत तर हे काहीच होणार नाही. या पुस्तकाचं वर्गात सर्वांत जास्त नुकसान तात्पर्यानंच होतं. रडू येणं म्हणजे समजणं, असं मुलांना वाटू लागतं.

त्या रात्रीत जातीचा उल्लेख सरळ येतो. तो भाग शिक्षकानंच वाचावा. पाळीपाळीनं वाचन चालू असेल आणि नेमकी ती ओळ त्याच समाजातल्या मुलाच्या वाट्याला आली, तर त्या मुलाला सगळ्यांसमोर काय सोसावं लागेल ते तुम्हीच जाणता. गुपचूप गाळूही नका, कुणीतरी पुस्तकात पाहतंच. हे लेखन १९३३ च्या तुरुंगवासातलं आहे आणि त्यात शिवाशिवीचा काळ आहे, एवढं आधी दोन वाक्यांत सांगा. ‘तुमच्याकडे कसं असतं?’ असा प्रश्न कुणाही मुलाला विचारू नका. ‘बनगरवाडी’तल्या गाव सोडण्याबद्दल बोलतानाही ऊसतोडीच्या मुलांबाबत हेच पाळा. त्यांना आपणहून सांगायचं असेल तर सांगतील.

रानवाटा
तिघांचेही आभार. म्हणजे सध्या ‘श्यामची आई’च्या निवडक रात्री. कोणत्या? आणि ‘बनगरवाडी’ कायमची सोडायची का?

कंदील
‘श्यामचे पोहणे’नं सुरुवात करा. भिणाऱ्या पोराला आई मारून पोहायला पाठवते, वर्ग लगेच बोलू लागतो. मग ‘अळणी भाजी’, ती लहान आहे, एका तासिकेत संपून वेळ उरेल. ‘देवाला सारी प्रिय’ पाचव्या-सहाव्या तासिकेला ठेवा, तोवर मुलांना एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय लागते. आईच्या मृत्यूच्या रात्री शेवटी आणि आई नसलेलं मूल वर्गात असेल तर त्याच्याशी आधी एकट्यानं बोलून.

पाटीपेन्सिल
‘बनगरवाडी’ सोडू नका, हंगाम बदला. पुढच्या वर्षी जूनच्या मध्यापासून आठवड्याला दोन तासिका मिळवा. सप्टेंबरअखेर पंचवीसच्या घरात जातात, कादंबरी पुरी होते आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत सगळी मुलं शेवटापर्यंत पोचतात. त्याआधी तुम्ही स्वतः ती अख्खी वाचून काढा. तिच्यात स्त्री-पुरुष संबंधांचे प्रसंग आहेत, ते कसे घ्यायचे ते मुख्याध्यापकांशी अगोदरच बोलून ठरवा. यंदा माडगूळकर हवेच असतील तर ‘माणदेशी माणसं’मधलं ‘झेल्या’ घ्या. मास्तर आणि विद्यार्थी यांचंच आहे, दोन तासिकांत बसेल.

ओवी
अडखळणाऱ्या सात-आठ जणांसाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यातली एक-दोन पानी गोष्ट मोठ्या टायपात छापून त्यांना आदल्या दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी तासिकेच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या एकानं ती वर्गाला वाचून दाखवायची. तयारी करून वाचलेलं मूल अडखळत नाही. आयत्या वेळी मात्र त्यांना उभं करू नका.