गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? (एएमटी, ३१,००० किमी)

नमस्कार मंडळी. रोज तळेगाव ते हिंजवडी जाऊन-येऊन असतो, गाडी पेट्रोल हॅचबॅक, एएमटी (क्लच पेडल नाही, गिअर आपोआप पडतात). ३ वर्षांची कंपनी वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय. शोरूममधून दिवसाआड फोन येतो: २ वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी १४,००० आणि ३ वर्षांचं मेंटेनन्स पॅकेज २४,०००. "सर, दोन्ही घेऊन टाका." गाडीने आजवर काही त्रास दिलेला नाही, अजून ४-५ वर्षं ठेवायची आहे. पण एकदम ३८ हजार म्हणजे जीवावर येतं. काय करू?

प्रतिसाद १
दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, ते एका दमात सांगतात म्हणून गोंधळ होतो. वॉरंटी म्हणजे पार्ट आपणहून बिघडला तर दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने. पॅकेज म्हणजे ऑइल, फिल्टर, मजुरीचे पैसे आगाऊ भरणं. एएमटी आहे ना? मग वॉरंटी घ्याच.

आमची गाडी चौथ्या वर्षी खंबाटकी घाटात, ऐन चढावर गिअरच घेईना. डिस्प्लेवर 'एन' नुसता लुकलुकतोय, मागे भरलेला ट्रक, मागच्या सीटवर आई. मी ब्रेक दाबून बसलो आणि बायकोने उतरून चाकामागे दगड लावला. गिअर आपोआप टाकणारा भाग, म्हणजे गिअरचा अ‍ॅक्च्युएटर गेला होता. एस्टिमेट ४२ हजार! वॉरंटी होती म्हणून तो फुकट बदलून मिळाला. क्लच प्लेटचे पैसे मात्र भरावे लागले. क्लच, ब्रेक पॅड, वायपर, टायर असं झिजणारं सामान वॉरंटीत धरत नाहीत.

प्रतिसाद २
वॉरंटी घ्या, पण सर्व्हिस एकदाही चुकवू नका. माझी सर्व्हिस अडीच महिने लांबली होती, त्यावर बोट ठेवून एसी कॉम्प्रेसरचा क्लेम नाकारला. फार जिव्हारी लागलं. उंदरांनी वायरी कुरतडल्या किंवा इंजिनात पाणी शिरलं तर तेही वॉरंटीत नाही, तो इन्शुरन्सचा विषय. आणि पैसे भरायच्या आधी 'काय कव्हर होत नाही' ते पान मागून घ्या. फोनवरच्या तोंडी शब्दाला तिथे काही किंमत नसते.

प्रतिसाद ३
पॅकेजचं ठरवायचं तर मागच्या ३ वर्षांची बिलं काढून बेरीज करा. पुढच्या सर्व्हिसमध्ये काय काय बदलायचं ते मॅन्युअलमध्ये आहे, तेही धरा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बिलं काढली: तिन्ही वर्षांचे मिळून १६,३५०. पुढे प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल धरूनही २४ हजारांपर्यंत जात नाही. पॅकेज नको म्हणून कळवलं. वॉरंटी शनिवारी घेतोय. एकच धाकधूक आहे, हॉर्न बाहेरून बसवलाय. त्यावरून अडवतील का?

प्रतिसाद २
कपलरने (वायर न कापता, प्लगसारख्या जोडाने) जोडला असेल तर सहसा अडचण येत नाही. वायर कापून जोडला असेल तर इलेक्ट्रिकलच्या क्लेमला तेच कारण पुढे करतील. शनिवारी जायच्या आधी बॉनेट उघडून बघा, जोडावर काळी टेप दिसली तर मूळ हॉर्न परत बसवून घ्या.