मदत हवी आहे: वृषणातल्या छोट्या गाठीचा एमआरआय

धाकट्या भावाच्या उजव्या वृषणात सोनोग्राफीत ८ मिमीची गाठ दिसली आहे. हाताला लागत नाही, दुखत नाही. डॉपलरमध्ये मात्र आत रक्तप्रवाह दिसतो. एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच हे रक्तातले ट्यूमर मार्कर तिन्ही नॉर्मल, पण सेमिनोमातही (वृषणाचा एक कर्करोग) ते नॉर्मल येऊ शकतात, म्हणून धाकधूक आहेच. डावं वृषण लहानपणीच काढलंय, त्यामुळे हे वाचवता आलं तर हवंच आहे. सुईने तुकडा काढायला डॉक्टरांनी नको म्हटलंय. वीर्य गोठवून ठेवलंय. किडनी ठीक, एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) चालेल.

एमआरआयमध्ये लायडिग सेल ट्यूमर (बहुतेकदा कर्करोग नसलेली गाठ) कॉन्ट्रास्ट झपाट्याने घेतो, सेमिनोमा सावकाश, असं वाचलंय. एवढ्या लहान गाठीत हा फरक भरवशाने कळतो का, की शेवटी फ्रोझन सेक्शनवरच (ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासणं) ठरवावं लागतं?