लहान देश महासत्तेला आपल्या बाजूला कसे वळवतात? (कतारच्या निमित्ताने)

टॉवेलवाले, अक्कलकोट रोड (सोलापूर)

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. 2017 च्या जूनमध्ये दोह्याला निघालेला आमचा एक कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात अडकला, कारण 5 जूनला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी सर्व संबंध तोडले होते. खोक्यांवर दोह्याचे नाव छापलेले असल्यामुळे माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला देण्याचीही सोय नव्हती. क्लिअरिंग एजंटाला रोज फोन करायचा आणि रोज तेच उत्तर ऐकायचे, असे कित्येक दिवस गेले. शेवटी माल ओमानच्या सोहारमार्गे पोहोचला. भाड्यात नफा गेला तो गेलाच.

मात्र प्रश्न धंद्याचा नाही. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी ट्विट करून सौदीची बाजू घेतली होती. तेच ट्रम्प एप्रिल 2018 मध्ये व्हाइट हाउसमध्ये कतारच्या अमीरांची स्तुती करत होते. ज्या देशाचे स्वतःचे नागरिक साधारण तीन लाख, म्हणजे आपल्या सोलापूर शहराच्या एक तृतीयांशच, त्याने हे कसे साधले? नुसता पैसा ओतला, एवढेच त्याचे उत्तर आहे का?

निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्र

पैसा ओतला हे खरे आहे आणि ते लपूनही राहिलेले नाही. परक्या सरकारची बाजू मांडण्याचे काम पैसे घेऊन करणाऱ्यांनी नोंदणी करून आपले करार उघड करावेत, असा अमेरिकेत 1938 पासून कायदा आहे, आणि त्यामुळेच कतारने त्या जूनमध्ये माजी ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांच्या फर्मला नव्वद दिवसांसाठी 25 लाख डॉलर देऊ केल्याचे जगाला लगेच कळले. परंतु अशा पैशाने दार उघडते. आत गेल्यावर समोरच्याला आपली गरज आहे हे दाखवता आले नाही, तर चहा पिऊन परत यावे लागते.

कतारची खरी पुंजी होती अल उदैदचा हवाई तळ. तेथे सुमारे दहा हजार अमेरिकी सैनिक होते आणि इराक, सीरिया, अफगाणिस्तान येथील हवाई मोहिमांची सूत्रे तेथून हलत होती. पेंटागॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, हा तळ अडचणीत येणे परवडणारे नव्हते. परराष्ट्रमंत्री टिलरसन तर पूर्वी एक्सॉन कंपनीचे प्रमुख असल्यामुळे कतारच्या वायूव्यवसायाला चांगले ओळखून होते. 9 जूनचा दिवस पाहा: टिलरसन यांनी नाकेबंदी सैल करा असे जाहीर आवाहन केले आणि त्याच दुपारी ट्रम्प यांनी कतार दहशतवादाला पैसा पुरवत आल्याचा आरोप केला. एकाच सरकारची दोन तोंडे! कतारने जे तोंड अनुकूल होते त्याच्याशी बोलणे चालू ठेवले: 14 जूनला 12 अब्ज डॉलरच्या एफ-15 विमानांचा करार केला आणि 11 जुलैला टिलरसन दोह्यात असताना दहशतवादाचा पैसा रोखण्याच्या समझोत्यावर सही केली. मूळ आरोपाचा दंशच त्यामुळे बोथट झाला. अल जझीरा वाहिनी बंद करण्यासकट ज्या तेरा मागण्या दहा दिवसांत मान्य करण्यास सांगितले होते, त्या कतारने फेटाळल्या. तरीही जानेवारी 2021 मध्ये सौदीतील अल-उला येथे चारही देशांशी समेट झाला.

चाटी गल्ली

सर, मांडणी पटते, पण तळ नसतानाही बाजी मारता येते, असे मला वाटते. तैवानचे उदाहरण घ्या. 1994 मध्ये तेथील सत्ताधारी पक्षाशी संबंधित एका संस्थेने वॉशिंग्टनच्या कॅसिडी अँड असोसिएट्स या फर्मशी तीन वर्षांचा 45 लाख डॉलरचा करार केला. अध्यक्ष ली तंग-हुई यांना ते पूर्वी शिकले त्या अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जायचे होते, आणि क्लिंटन सरकार चीनच्या भीतीने व्हिसा देत नव्हते. मे 1995 मध्ये प्रतिनिधिगृहाने 396 विरुद्ध शून्य आणि सिनेटने 97 विरुद्ध एक मतांनी भेटीच्या बाजूने ठराव केला, तेव्हा सरकारला माघार घ्यावी लागली. अर्थात जुलैपासून चीनने तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागायला सुरुवात केली. जिंकलेल्या डावाचे बिल असे आले. शिवाय अमिरातीचे राजदूत युसुफ अल ओतैबा 2008 पासून वॉशिंग्टनमध्ये घट्ट पाय रोवून होते. म्हणजे कतारचे प्रतिस्पर्धीही याच आखाड्यातले मुरलेले मल्ल होते.

जुनी कागदपत्रे

अक्कलकोट रोडवरून हा प्रश्न यावा याची गंमत वाटली. अक्कलकोटचे संस्थान पूर्वी सातारच्या छत्रपतींचे मांडलिक होते. 1839 मध्ये कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते वकील म्हणून लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तेथे राहिले. (आपल्याकडे ‘वकील’ हा शब्द कोर्टाच्या आधी दरबारात रुळला, हे विसरू नये.) त्यांनी इंग्रजीत पत्रके छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांमधून दाद मागितली आणि जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या पार्लमेंटच्या सभासदाला आपल्या बाजूने उभे केले. आजची फर्म जे पैसे घेऊन करते, ते सगळे या माणसाने परक्या थंडीत केले. पण महाराज 1847 मध्ये वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने सातारा खालसा केले आणि अक्कलकोट थेट इंग्रजांच्या हाताखाली गेले. सरांच्या भाषेत सांगायचे तर कंपनीला साताऱ्याकडून हवे असे काही उरलेच नव्हते; हवे होते ते सातारच.

टॉवेलवाले, अक्कलकोट रोड (सोलापूर)

सर्वांचे आभार. रंगो बापूजींची हकीकत मला ठाऊक नव्हती. अक्कलकोटला दर महिन्याला जात असूनही कधी कानावर आली नाही. आणखी एक शंका आहे. चारही देशांनी जमीन, समुद्र आणि आकाश बंद केले, तर अमिरातीकडे जाणाऱ्या कतारच्या वायूचे काय झाले? तोही थांबला असेलच ना?

निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्र

नाही, तो एक दिवसही थांबला नाही. डॉल्फिन नावाची समुद्राखालची वायुवाहिनी 2007 पासून कतारचा वायू अबुधाबीकडे आणि तेथून पुढे दुबईलाही नेते, आणि नाकेबंदीच्या साडेतीन वर्षांत दोन्ही बाजूंनी तिला हात लावला नाही. अमिरातीची बरीचशी वीज त्यावर होते, आणि पुरवठा तोडला असता तर वॉशिंग्टनमध्ये ‘आम्ही अन्याय सोसतो आहोत’ असे सांगणे कतारला अवघड गेले असते. जेबेल अलीच्या ज्या गोदीत आपला कंटेनर खोळंबला होता, तेथील दिवेही त्या दिवसांत थोडेफार कतारच्याच वायूवर जळत असावेत.