मदत हवी आहे: ओक सॅव्हानात आग पुढे सरकत नाही, उभी वाळलेली झाडं किती ठेवावीत?

दक्षिण विस्कॉन्सिनमधल्या बर ओकच्या जुन्या सॅव्हानाचं (विरळ ओक आणि खाली गवत असलेल्या रानाचं) पुनरुज्जीवन चालू आहे. मेपल आणि बकथॉर्न (बाहेरून आलेलं, माजणारं झुडूप) हिवाळ्यात कापून ताज्या खुंटांना लगेच ट्रायक्लोपायर हे तणनाशक लावलंय. पर्णछत्र आता साधारण 40 टक्के. तरी झुडपं आटोक्यात ठेवायला मुद्दाम लावलेली नियंत्रित आग मधेच विझते. बकथॉर्नच्या पानांत नत्र जास्त, ती पटकन कुजतात. ओकच्या पाचोळ्यासारखा कोरडा, वळलेल्या पानांचा थर तिथे उरतच नाही. म्हणून आगीला इंधन मिळावं यासाठी बॉटलब्रश ग्रास आणि सिल्की वाइल्ड राय ही सावली सोसणारी गवतं पेरायची आहेत. एकरी किती बी टाकता? पहिली आग किती हंगामांनी? घाई केली तर कोवळं गवत जळतं, उशीर केला तर उजेडावर ब्लॅकबेरीची जाळी माजते.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिनेसोटातल्या सीडर क्रीक या संशोधन क्षेत्रात 1964पासून अशा आगी लावल्या जातात. तिथे जळालेल्या भागांत लाल डोक्याचे सुतार पक्षी वाढले, कारण ढोलीसाठी उभी वाळलेली झाडं मिळाली. शेंड्यावरच्या पानांतले किडे टिपणारे पक्षी मात्र घटले. त्यामुळे उरलेले मोठे मेपल पाडण्याऐवजी साल गोलाकार काढून उभेच वाळवावेत असं मत झालंय. पण वाळलेलं खोड जाळरेषेजवळ (आग जिथे थांबवायची त्या सीमेजवळ) असेल तर ठिणग्या पलीकडे उडतात. रेषेपासून किती अंतर ठेवता?

शिवाय झाडी विरळ झाली की पक्षी सहज दिसतात, आकडा फुगतो. बिंदुगणनेत (ठरावीक जागी उभं राहून पक्षी मोजताना) प्रत्येक पक्ष्याचं अंतर नोंदवून ही तफावत कुणी दुरुस्त केली असेल तर पद्धत सविस्तर सांगा.