निर्वासितांना आपल्याकडे फुकट वकील मिळतो का?

पुण्यात आमच्या वर खोली घेऊन राहणारी अफगाण बाई, दोन पोरं, व्हिसा संपलाय, हातात फक्त यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) निळं कार्ड. एका ऑफिसात गेली तर म्हणे हे इथे चालत नाही. तिला वकील परवडणार नाही, काय करायचं?

कोकण्या: भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. पण ते जपून ठेवा, झेरॉक्सही काढून ठेवा, कामाला येतं.

अॅड_नगरकर: वरचं बरोबर, पण अर्धंच. घटनेचं कलम २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) 'व्यक्ती'ला लागू आहे, फक्त नागरिकाला नाही. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाई आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील आहे, त्यात नागरिक असण्याची अट नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

प्रश्नकर्ती: थँक्यू दादा, सोमवारी मीच जाते तिच्यासोबत, तिला मराठी येत नाही आणि हिंदी पण जेमतेम

कोकण्या: दुभाषा आधीच मागून ठेवा हो, ऐनवेळी फार पंचाईत होते