मक्तेदार सॉफ्टवेअर कंपनी फोडली तर स्पर्धा वाढेल का?

अडत_पेढी (सांगली): आमच्या हळदीच्या पेढीवर अकरा वर्षं एकाच कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. भाडं दरवर्षी चढतं. सोडावं तर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाईच्या नोंदी, सगळं त्यांच्याच साच्यात अडकलंय. म्हणून जून २००० चा निकाल आठवतो. अमेरिकेतले न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टचे दोन भाग करायला सांगितलं होतं: एकीकडे संगणक चालवणारी विंडोज प्रणाली, दुसरीकडे वर्ड-एक्सेलचं ऑफिस आणि बाकीचं. पुढच्या वर्षी अपिलात ते रद्द झालं. माझ्या मते मोठी संधी हुकली. विंडोजशी नातं न उरलेल्या कंपनीने ऑफिस विंडोजच्या प्रतिस्पर्धी लिनक्स प्रणालीवरही विकलं असतं, तिचं गिऱ्हाईकच वाढलं असतं. मार्केट यार्डाचा मालकच अडत्या झाला तर बाकीच्यांना धड गाळा मिळेल का?

कृष्णाकाठ (कराड): दुखणं बरोबर ओळखलंत, औषध पटत नाही. अपिलाच्या कोर्टानेही मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका कायम ठेवला होता. पण दोन भाग करून विंडोजची मक्तेदारी एकीकडे राहिली असती, ऑफिसची दुसरीकडे. एका सावकाराचे दोन सावकार! अमेरिकेतली टेलिफोन कंपनी एटी अँड टी १९८४ मध्ये फोडली, सात प्रादेशिक कंपन्या निघाल्या. त्यातल्याच एकीने २००५ मध्ये मूळ कंपनी विकत घेऊन तिचं नाव लावलं.

विश्रामबागकर: अर्धंच सांगितलंत. मधल्या काळात लांब पल्ल्याच्या फोनचे दर उतरले की. वीस वर्षांची स्पर्धा काही थोडी नाही.

कृष्णाकाठ: मान्य. पण टेलिफोनचं जाळं प्रदेशवार वाटता येतं, सॉफ्टवेअरला तशी हद्द नसते. तिथे कुलूप उघडायला लावावं. मार्च २००४ मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला, विंडोजशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सर्व्हरचं (जाळ्यातल्या बाकी संगणकांना सेवा देणाऱ्या संगणकाचं) सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इतरांना द्यायला लावली. इतर सर्व्हर विंडोजशी जोडणाऱ्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला ती मिळाली. तुमचीही अडचण हीच आहे. कंपनी फोडली तरी नोंदींचा साचा तोच राहणार.

अडत_पेढी: मिळाली, पण कधी? डिसेंबर २००७ मध्ये. पावणेचार वर्षं! एवढ्यात छोटा धंदेवाला बुडतो. कुलपातच ज्याचा फायदा, तो किल्ली रडतखडतच देणार. मालकी वेगळी झाली की तो स्वार्थ उरत नाही, म्हणून बड्या कंपन्या फोडाव्यात यावर मी ठाम आहे. माझ्या पेढीपुरतं मात्र तुमचं खरं. नोंदी साध्या फाइलीत काढून द्या, असं उद्याच कंपनीकडे लेखी मागतो.