मान मागे नेणारे खरे स्नायू

मान मागे नेण्याचं सगळं श्रेय कुणी कुणी ट्रॅपेझियसला, म्हणजे मानेपासून खांदे आणि पाठीवर पसरलेल्या मोठ्या वरवरच्या स्नायूला देतात. तो मदत करतो, पण मुख्य भार त्याच्याखालच्या, मानेच्या मागच्या बाजूने कवटीपर्यंत जाणाऱ्या स्प्लेनियस आणि विशेषतः सेमीस्पायनॅलिस कॅपिटिस या स्नायूंवर असतो. साडेचार-पाच किलोच्या डोक्याचा गुरुत्वमध्य मणक्याच्या सांध्यापुढे पडतो, म्हणून आपण ताठ बसलो तरी हे स्नायू थोडे ताणलेलेच असतात. एसटीत बसल्या बसल्या डुलकी लागली की मान पुढे पडते, ती ते सैलावल्यामुळेच.

सगळ्यात खोल, कवटीच्या बुडाशी सबऑक्सिपिटल स्नायू असतात. तिथे दोन्ही अंगठे दाबून ठेवा, डोळे मिटा आणि फक्त बुबुळं डावी-उजवीकडे फिरवा. डोकं हललं नाही तरी अंगठ्याखाली बारीक हालचाल लागते. मला हे फार विलक्षण वाटतं!